परसातली कळलावी: अकरा कंद, दोन पावसाळे आणि चुलीपर्यंत पोचलेली चूक

सुपात मी नऊ कंद मोजून ठेवले होते आणि संध्याकाळी सूप आत घेताना बघते तर सातच. सूप पडवीत होतं, त्याला लागून कणगीची, म्हणजे आम्ही उकडून खातो त्या कंदांची टोपली, आणि तोवर काकूने त्याच टोपलीतली कणगी धुवून चुलीवर उकडायला चढवलेली. मी धावत आत गेले आणि विचारलं की टोपलीत काही वेगळं दिसलं का, तर काकू म्हणाली हो, दोन जरा गुळगुळीत होती, वाकडी, पण कंदच ते, म्हणून घातली. पातेलं अजून उकळत होतं, कुणी एक तुकडासुद्धा तोंडात घातला नव्हता. ते दोन कंद कळलावीचे, म्हणजे विषारी वेलीचे होते.

हे सगळं प्रकरण मी नीट लिहून ठेवतेय कारण कळलावी लावायची कशी हे विचारणारे खूप भेटतात आणि तिचे औषधी उपयोग सांगणारे त्याहून जास्त, पण लावल्यापासून ते घरात काय काय होऊ शकतं हे एका सलग गोष्टीत कुणी सांगत नाही. आमच्याकडे दोन वर्षांत जे झालं ते चुकांसकट असं.

आमचं घर तळकोकणात. वाडीच्या रस्त्याला लागून जांभ्याचा जुना गडगा (दगड रचून केलेला बांध) होता, त्यावर करवंदीचं जाळं आणि दर पावसात त्या जाळ्यातून वर येणारी कळलावी. लहानपणापासून बघितलेली. जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की जमिनीतून कोंब निघतो, आणि पानांच्या टोकाला असलेल्या तणाव्यांनी बाजूच्या काटक्या पकडत तो चढत जातो, माणसाच्या उंचीच्या वर सहज. पानाचं टोकच वळून तणावा होतं, हे मी अजूनही प्रत्येक वर्षी थांबून बघते. मग श्रावणात फुलं. उघडताना हिरवट, मग पिवळी, मग खालून पिवळी वरून लाल, आणि शेवटी पूर्ण लाल. सहा पाकळ्या, कडा कुरळ्या, सगळ्या मागे वळून वर उभ्या, अगदी जाळासारख्या, म्हणून अग्निशिखा. दिवाळीनंतर वेल वाळून जाते आणि कंद जमिनीत झोपतो तो पुढच्या पावसापर्यंत. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, उन्हाळ्यात जांभा तव्यासारखा तापतो तरी तिला काही होत नाही. चिवट आहे.

तर एका मे महिन्यात रस्ता रुंद करायचा ठरला आणि गडगा जाणार हे कळलं. जेसीबी यायला चार दिवस होते. एरवी मी रानातला कंद उकरायच्या पूर्ण विरोधात आहे, औषधासाठी आणि धंद्यासाठी कंद उकरून उकरून ही वेल कितीतरी ठिकाणी विरळ झालीय, पण इथे ते कंद तसेही मातीखाली चिरडले जाणार होते. म्हणून वाळक्या दांड्यांचे बुडखे शोधले आणि खणायला घेतलं.

पहिली चूक इथेच. मी कुदळ घेतली. कळलावीचा कंद इंग्रजी व्ही सारखा, दोन हातांचा, नांगराच्या आकाराचा (म्हणून संस्कृतात लांगली, लांगल म्हणजे नांगर), आणि तो इतका ठिसूळ असतो की दगडाला नुसता टेकला तरी काकडीसारखा मोडतो. प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा असतो. तो डोळा मोडला की मग उरलेला कंद कितीही जाडजूड असो, त्यातून कोंब येत नाही, बटाट्यासारखे अंगावर बाकीचे डोळे नसतातच. अकरा तुकडे निघाले आणि डोळे शाबूत आहेत की नाही हे मी बघितलंच नाही, सगळे आनंदाने घेऊन आले.

आजीने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "तां झाड घराकडे लावू नको, भांडणां होतत." हा समज आमच्याकडे जुना आहे, कळलावी घरात आणली की घरात कळ लागते. नावावरूनच आलेला असणार. पण नावातली कळ भांडणाची नव्हे, बाळंतपणाची. कळा लावणारी ती कळलावी. आणि मला आता असं वाटतं की ज्या कुणी हे झाड घरापासून लांब ठेवायला सांगितलं त्यांनी कारण काहीही दिलेलं असो, सांगणं बरोबर होतं. लहान मुलं असलेल्या घरात या कंदाला उंबऱ्याबाहेर ठेवायला यापेक्षा सोपी युक्ती नसेल.

मी काही ऐकलं नाही. अकराही तुकडे ग्रो बॅगमध्ये, कोकोपीट आणि शेणखत अर्धं अर्धं, वर थोडी माती, आणि बॅगा पागोळीपासून हातभर अंतरावर ओळीने. जुलैत आमच्याकडे जसा पाऊस पडतो तसा पडला. कोकोपीटने सगळं पाणी धरून ठेवलं, बॅगेच्या खालची भोकं चिखलाने बुजली, आणि अकरापैकी चारच कोंब वर आले. त्यातल्या एकाला फुलं आली, तीही तीन. बाकीच्या बॅगा ऑगस्टच्या शेवटी उलट्या केल्या तर चार कंद कुजून पीठ झालेले, आणि तीन धडधाकट दिसत होते पण डोळा मोडलेला, म्हणजे ते कधीच उगवणार नव्हते.

मला तेव्हा राहून राहून प्रश्न पडला की गडग्यावर तर हाच पाऊस पडायचा, मग तिथे का नाही कुजली. उत्तर साधं आहे, गडग्यात पाणी थांबतच नाही. चिऱ्यांच्या फटीत मूठभर माती, पालापाचोळा, पाणी येतं आणि निघून जातं. कळलावीला पाऊस हवाच असतो, साचलेलं पाणी चालत नाही. आणि दुसरं म्हणजे करवंदीमुळे तिच्या बुडाला सावली आणि डोक्याला ऊन मिळायचं, माझ्या बॅगांमध्ये नेमकं उलट होतं, बॅगा उन्हात तापायच्या आणि वेल वर छपराच्या सावलीत जायची.

म्हणून दुसऱ्या वर्षी परसाच्या कडेला, काजूच्या पलीकडे जिथे उतार आहे तिथे, गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा वरंबा केला. जांभ्याचा चुरा, लाल माती, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट अजिबात नाही. आधार म्हणून करवंदीच्या वाळक्या फांद्या रोवल्या कारण तणाव्याला पकडायला बारीक काटकी लागते, जाड बांबूला तो धरतच नाही. चार वेलींचे कंद वेल वाळल्यावर उकरले तेव्हा एक गोष्ट बघायला मिळाली, लावलेला जुना कंद सुकून चिपाड झालेला आणि त्याच्या जागी नवीन, दोन हातांचा. दर वर्षी जुना संपतो आणि नवा तयार होतो. हे कळल्यावर मला ऑगस्टमधल्या पानांची किंमत समजली, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांनीच भरायचा असतो, पानं गेली तर फूल यंदाचं जात नाही, पुढचं जातं.

दोन हात जिथे सहज सुटले तिथे सोडवले, सहा झाले. मे अखेरीस आडवे ठेवून चार बोटं मातीखाली, डोळा कुठल्या बाजूला आहे ते बघून. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सहाच्या सहा वर.

मग अळी आली. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके, दिसायला सुंदर, पॉलिटेला ग्लोरिओसी असं तिचं शास्त्रीय नाव आहे म्हणजे नावातच ग्लोरिओसा, कळलावीचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. ज्या झाडाला गुरं तोंड लावत नाहीत ते झाड ही मिटक्या मारत खाते. दोन दिवस गावाला गेले होते, येऊन बघते तर एका वेलीचा नुसता दांडा. मी फवारणी केली नाही, हातमोजे घालून सकाळ संध्याकाळ वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या, सहा वेलींना एवढं पुरतं. पानाच्या मागच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात ते दिसले तर पानाचा तेवढाच भाग तोडायचा, अख्खं पान नाही.

फुलं भरपूर आली, पण सुरुवातीला शेंग एकही धरेना. फूल नीट न्याहाळलं तर कारण दिसतं, स्त्रीकेसराची दांडी बुडातूनच काटकोनात बाजूला वळलेली असते, पुंकेसर दुसरीकडे पसरलेले, स्वतःचा पराग स्वतःच्या टोकाला लागू नये अशी रचना. फुलपाखरांच्या पंखांवर सगळी भिस्त, आणि आमच्याकडे धो धो पावसात फुलपाखरं कुठून येणार. तामिळनाडूत हिची शेती होते, तिथे तर हे राज्यफूलच आहे, आणि तिथले शेतकरी बियांसाठी रोज सकाळी एकेका फुलाला हाताने पराग लावतात. मी मऊ ब्रश घेऊन तेच केलं, साधारण आठ ते अकराच्या मधे, पाऊस थांबलेला असेल तेव्हा. सतरा शेंगा धरल्या. शेंग वाळून फुटायच्या आधी काढायची, कारण आतलं बी केशरी लाल, गोल, लहान मुलाला गोळीसारखं वाटेल असं असतं, आणि विषाचं प्रमाण कंदापेक्षा बियात बहुतेक जास्तच, म्हणून तर तामिळनाडूतून औषध कंपन्यांना जातं ते बी.

गौरीच्या आदल्या दिवशी मावशी आली आणि म्हणाली, चार फुलं दे, गौरीचे हात करायचेत. आमच्या बाजूला या फुलाला गौरीचे हात असंही म्हणतात. तेरड्याची गौर, तिला हे हात. आजीही काही बोलली नाही. देवीला चालतं, घरात ठेवायचं नाही, विसर्जनाबरोबर फुलंही जातात, हा हिशोब मला तिथे उभी असताना पहिल्यांदा नीट समजला.

त्या रात्री आजी बोलायला लागली. तिच्या सासूच्या काळी वाडीतली सुईण कळलावीचा कंद सहाणेवर उगाळून अडलेल्या बाईच्या तळपायाला आणि बेंबीखाली लेप लावायची, आणि मूल बाहेर आलं की त्याच क्षणी लेप धुवायचा, यात अजिबात हयगय नाही. पोटात कधीच द्यायचा नाही. हे नुसतं वाडीतलं नाही, सुश्रुतसंहितेत बाळंतपणानंतर वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, तळहाताला आणि तळपायाला लावायला सांगितलंय. संस्कृतात तिचं एक नाव गर्भपातिनी आहे. सूज, गंडमाळा, मूळव्याध, त्वचेचे विकार, विंचू चावलेली जागा, यावर बाहेरून लेप किंवा तेल, आणि पानांचा रस उवांसाठी, हे वापर ठिकठिकाणी सांगितले जातात. मूळव्याधीवरच्या कासीसादि तेलात लांगली असते. पण तिला गणलंय कशात तर उपविषात, म्हणजे दुय्यम विषांत, रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या रांगेत. वापरायच्या आधी गोमूत्रात ठेवून शोधन, म्हणजे शुद्धी करायची असा नियम. आजीच्या बोलण्यात लेपापेक्षा लेप कधी काढायचा हेच जास्त वेळा आलं, आणि आता जी माहिती फोनवर फिरते त्यात नेमकं तेवढंच गळालेलं असतं. उपयोग राहिला, मर्यादा गेली.

नावांचाही घोळ आहे. आपल्याकडे हिला खड्यानाग म्हणतात, काही ठिकाणी बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातली वेगळीच वनस्पती, तिचं विष वेगळं, ते हृदयावर जातं. बचनाग म्हणून कुणी काय देईल याचा भरवसा नाही.

आता त्या संध्याकाळकडे येते. जानेवारी होता. वरंब्यातले कंद उकरून वेगळे करायचे आणि तिघांना द्यायचे असं मी ठरवलेलं, म्हणून नऊ कंद सुपात सावलीत सुकायला. त्याच दिवशी काकाने कणगी काढली. सूप उचलून बाजूला सरकवताना दोन कंद टोपलीत घरंगळले असणार. कणगीला बारीक केसासारखी मुळं असतात, साल खरखरीत, आकार लांबट गोलसर. कळलावीचा कंद गुळगुळीत, दोन्हीकडे निमुळता, मधे वाकलेला. सुटे ठेवले तर चुकायचा प्रश्न नाही, पण मातीने माखलेल्या ढिगात, संध्याकाळच्या उजेडात, घाईत, कुणाचीही चूक होईल. श्रीलंकेत रताळं किंवा दुसरा कंद समजून हा खाल्ल्याची आणि माणसं गेल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदीत आहेत.

उकडल्याने विष जात नाही. कळलावीतलं मुख्य विष कोल्चिसिन, ते उष्णतेने मोडत नाही आणि पाण्यात उतरतं, म्हणजे दोन कंद काढून बाकीची कणगी खाऊ असा विचारही करायचा नव्हता. पातेल्यातलं सगळं, पाण्यासकट, लांब खड्ड्यात पुरलं. पातेलं तीन वेळा घासलं. काकू त्या रात्री जेवली नाही आणि माझं तोंडही मला बघवेना, कारण चूक तिची नव्हती. सूप टोपलीशेजारी मी ठेवलं होतं, आणि मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं की ते काय आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं की समजा खाल्लं असतं तर. त्यांनी जे सांगितलं ते मी भिंतीवर लिहून लावलंय. हे विष लगेच कळत नाही. साधारण दोन ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काही होत नाही, मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, अगदी अन्नातून बाधा झाल्यासारखं, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्त तयार करणारा अस्थिमज्जा असं एकेक कोलमडत जातं. वाचलेल्यांचे दोन तीन आठवड्यांनी केस झडतात. कारण कोल्चिसिन पेशींचं विभाजनच थांबवतं, आणि जिथे पेशी भराभर वाढतात, आतडं, मज्जा, केस, तिथे पहिला घाव बसतो. सहज मिळणारा उतारा नाही. म्हणून खाल्ल्याची शंका आली की त्रास सुरू व्हायची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात, आणि उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा बरोबर न्यायचा.

याच कोल्चिसिनची गोळी गाउटवर (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्या आजारावर) देतात, १८२० साली पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते कळलावीच्याच कुळातल्या एका युरोपी फुलातून वेगळं केलं. मार्चमध्ये शेजारचे एक काका नेमके यासाठीच आले, अंगठ्याचा सांधा सुजलेला, कुणीतरी सांगितलेलं की कळलावीचा कंद उकळून प्यायला की युरिक ॲसिड उतरतं. मी त्यांना बसवलं आणि गोळीचं पाकीट दाखवलं, माझ्या वडिलांना तीच चालू आहे, अर्धा मिलीग्रॅमची. अर्ध्या मिलीग्रॅमला एवढं जपून मोजावं लागतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर तीही कमी करतात, बरोबर दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते विचारतात, आणि कंदात किती आहे हे कंदागणिक, जागेगणिक, महिन्यागणिक बदलतं, ते चुलीवर कोण मोजणार. शिवाय ती गोळी सूज आणि ठणका उतरवते, युरिक ॲसिड कमी करणारी औषधं वेगळी. त्यांना राग आला. कंद दिला नाही, दवाखान्यात मात्र मीच घेऊन गेले.

घरात आता काही गोष्टी बदलल्यात. कंद उकरणं पूर्ण बंद, कारण आमच्या जमिनीत त्याची गरजच नाही, उन्हाळ्यात कोरड्या वरंब्यात ते आरामात झोपतात, मी नसता उद्योग करत होते. कुणाला झाड हवं असेल तर मी बी देते, डबीवर मोठ्या अक्षरात विष असं लिहून, आणि ज्याच्या घरात रांगतं मूल किंवा मोकाट कुत्रं आहे त्याला देत नाही. वरंब्याभोवती हातभर उंचीचं कुंपण. काम करताना हातमोजे, नंतर साबणाने हात. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे की घरातल्या प्रत्येकाला, सहा वर्षांच्या पुतण्यासकट, वेलीजवळ उभं करून तिची ओळख करून दिली, पान कसं, तणावा कुठे, फूल कधी, आणि खाली काय आहे. पुतण्या आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हात धरून तिकडे नेतो आणि लांबूनच दाखवतो.

बियांपासून वाढवणं हे कंदापेक्षा फार सावकाश काम आहे. गेल्या वर्षीचं बी वाळूमिश्रित मातीत पेरलं, चाळीस दाणे, दीड महिना काहीच नाही, मग एकेक करत सात उगवले, काही पुढच्या पावसातही येतील म्हणून ट्रे तसाच ठेवलाय. रोपाला पहिल्या वर्षी फक्त काडीएवढा कंद धरतो, फूल दिसायला तीन चार वर्षं. नवीन रस्त्याच्या कडेला आता सिमेंटची भिंत आहे, पण तिच्या मागे काकाने परत जांभ्याचा गडगा रचायला घेतलाय, करवंदीची रोपं लावून झाली. ही सात तिथे जाणार.